भिंत झाकण्यापूर्वी

रेणुकामातेच्या माहुरात, गावठाणाच्या जुन्या भागात, आमच्या एका स्नेह्यांचे घर आहे. घर आजोबांच्या हातचे. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आत सागवानी खांब आणि वर माळवद. निवृत्त शिक्षक असलेले हे गृहस्थ सपत्नीक मागील दोन खोल्यांत राहतात व पुढल्या दोन खोल्या नवरात्रात आणि दत्तजयंतीच्या सुमारास गडावर येणाऱ्या यात्रेकरूंना उतरण्यास देतात. निवृत्तिवेतनाला त्या चार पैशांचा आधार असतो. गेल्या वर्षी नवरात्रापूर्वी घराचे रूप पालटावे असे त्यांच्या मनात आले. बाहेरून सिमेंटचा गिलावा करायचा आणि आतून, ओल आलेल्या भिंती दिसू नयेत म्हणून, प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्ट्यांचे आवरण चढवायचे, असा बेत ठरला. बाजारात या पट्ट्यांना पीव्हीसी पॅनेल म्हणतात आणि हल्ली तालुक्याच्या कोणत्याही दुकानात त्या मिळतात.

आम्ही तेथे पाहुणे असतानाच गवंडी माप घेण्यास आला. वयस्क, मितभाषी मनुष्य होता. माप घेण्यापूर्वी त्याने थापीच्या दांड्याने भिंत ठोकली, चार हात पुढे जाऊन पुन्हा ठोकली आणि मग पुढल्या खोलीच्या बाहेरील अंगाला ओळंबा सोडला. भिंतीला मध्यावर पोट आले होते. तो म्हणाला, "गुरुजी, गिलावा मी उद्या करून देतो. पण ही भिंत आतून सुटली हाय. वरून झाकली की तुम्हाला दिसायची न्हाई, आन् मला बी."

गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नवरात्र तीन आठवड्यांवर आलंय, बाबा. तू गिलावा कर."

या दोन वाक्यांनी आम्हांला विचारात पाडले. गुरुजी अप्रामाणिक गृहस्थ नव्हेत. पन्नास वर्षांत त्यांनी कोणाचा पैसा बुडविलेला नाही. तरीही त्या क्षणी त्यांनी जे मागितले, ते आपणही आयुष्यात अनेकदा मागत असतो: आम्हांला दिसणार नाही अशी व्यवस्था करा. प्रश्न बांधकामाचा तर आहेच. परंतु त्याही आधी तो सदसद्विवेकाचा आहे. जे आपण तपासले नाही, ते झाकण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी ती भिंत काय आहे हे समजून घेतले पाहिजे. मराठवाड्यातील जुन्या घराची दगडी भिंत एकसंध दिसते, पण ती एक नसते. बाहेरील दगडांची एक रांग, आतील दगडांची दुसरी रांग आणि दोहोंच्या मध्ये भरलेले बारीक दगड व माती, अशी ती रचना असते. चांगला कारागीर ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालून दोन्ही रांगा एकमेकींशी बांधतो. पण असे दगड घडविणे खर्चाचे, म्हणून पुष्कळ घरांत ते घातलेच गेले नाहीत. वर माळवदाची माती असते. पाणी गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर तिच्यावर नवी पांढरी माती पडते, आणि दोन-तीन पिढ्यांत तो थर हात-हातभर जाड होतो. छपराचे पाणी भिंतीत मुरले की मधली माती हळूहळू खाली बसते, दगडांच्या रांगा एकमेकींपासून सुटतात आणि बाहेरील रांगेला पोट येते. गवंडी म्हणाला ते हेच.

अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्याने काय होते? मातीत रचलेली भिंत जोत्यातून व छपरातून ओल घेते, आणि मातीच्या वा चुन्याच्या लेपातून ती ओल बाहेर टाकते. तिच्या परीने ती श्वासच घेत असते. सिमेंटचा घट्ट थर हा मार्ग अडवितो. ओल आत कोंडते, वर चढते, दगडांमधील माती मऊ करते. लोणा लागतो, आणि काही वर्षांनी गिलाव्याचे पापुद्रे सुटून पडतात. आतून बसविलेले प्लॅस्टिक तर याहून सोयीचे. त्याच्या मागे लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात आणि त्या पोकळीत ओल, वाळवी व जुन्या विजेच्या तारा एकत्र नांदतात. खोलीत मात्र सारे स्वच्छ, कोरडे आणि फुलाफुलांचे दिसते. भिंत बिघडत राहते आणि तिने द्यावयाची सूचना बंद होते. भेग, ओलीचा डाग, पोट ही भिंतीची भाषा आहे. आपण तिला बरे करीत नाही, फक्त तिचे तोंड बंद करतो.

मराठवाड्याला याची किंमत ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील पन्नासावर गावे काही क्षणांत मातीला मिळाली. शासकीय नोंदीनुसार सुमारे ८ हजार माणसे गेली. जगाच्या हिशेबाने तो भूकंप फार मोठा नव्हता. सव्वासहाच्या आसपासची त्याची तीव्रता होती. माणसे मेली ती बहुतांशी आपल्याच भिंतींखाली व आपल्याच माळवदांखाली. गावाच्या कडेला असलेल्या गरिबांच्या कुडाच्या झोपड्या पुष्कळ ठिकाणी तगल्या आणि ऐपतीचे लक्षण मानल्या गेलेल्या जाड भिंती कोसळल्या. माहूर किल्लारीपासून दूर आहे खरे. पण २१ मार्च २०२४ रोजी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा बसला, तेव्हा नांदेड-परभणीपर्यंतचे लोक घराबाहेर धावले. आणि भिंत पडण्यास भूकंपच लागतो असेही नाही. एखादा संततधारेचा पावसाळाही पुरेसा होतो.

आता प्रश्नाकडे वळू. पवित्र शास्त्राने घराच्या भिंतीचा विचार केलेला नाही अशी आपली समजूत असेल, तर लेवीय ग्रंथाचा चौदावा अध्याय उघडून पाहावा. घराच्या भिंतीवर चट्टे उठले तर काय करावे याचे तेथे सविस्तर नियम आहेत. पहिले पाऊल घरमालकाचे आहे: त्याने स्वतः याजकाकडे जाऊन आपल्या घरात काहीतरी दिसते असे सांगावयाचे. मग घर रिकामे करावयाचे, याजकाने भिंत पाहावयाची, सात दिवस घर बंद ठेवून पुन्हा पाहावयाची. दोष पसरला असेल तर ते दगड काढावयाचे, भिंती आतून खरवडावयाच्या, नवे दगड बसवावयाचे आणि त्यानंतर नवा गिलावा करावयाचा. इतके करूनही दोष पुन्हा उद्भवला, तर घर पाडावयाचे. या क्रमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. गिलावा निषिद्ध नाही. तो शेवटी येतो, आणि त्याच्या आधी सांगणे, पाहणे व काढणे येते.

यहेज्केल संदेष्ट्याच्या तेराव्या अध्यायात याच्या उलट चित्र आहे. लोक कच्ची भिंत उभारतात आणि खोटे संदेष्टे तिला चुना फासतात. मग पाऊस, गारा व वादळ येऊन ती पाया उघडा पडेपर्यंत कोसळते. संदेष्ट्याचा रोष कच्ची भिंत बांधणाऱ्यापेक्षा चुना फासणाऱ्यावर अधिक आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. बांधणारा कदाचित अजाण असेल. फासणाऱ्याने मात्र सारे काही ठीक आहे असा भरवसा लोकांना दिला.

प्रभू येशूने परूश्यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली, हे आपण सर्व जाणतो. पण त्या काळी कबरींना चुना लावण्याची प्रथा मुळात लपविण्यासाठी नव्हती. सणासाठी येरुशलेमला येणाऱ्या यात्रेकरूंनी नकळत कबरीला स्पर्श करून विटाळू नये, म्हणून ती खूण असे. तोच चुना एके ठिकाणी इशारा होतो आणि दुसऱ्या ठिकाणी फसवणूक. तेव्हा दोष चुन्यात नाही, आवरणातही नाही. नाताळाच्या आधी घराला सफेदी देणाऱ्या आपल्या आयाबहिणी काही ढोंग करीत नाहीत. त्या घरावर प्रेम करतात. आवरणाने घराचे ऊन-पावसापासून रक्षणही होते. आवरण चढविताना आपण भिंतीकडे पाहिले की तिच्याकडे पाहावे लागू नये म्हणून ते चढविले, येथे निवाडा आहे.

या ठिकाणी आपल्या धर्मपरंपरेतील एक जुना विवेक उपयोगी पडतो. नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते. एक अनिवार्य अज्ञान: जे दूर करणे माणसाच्या हाती नव्हते. किल्लारीच्या ज्या आजोबाने आरपार दगड न घालता भिंत रचली, त्याला भूकंप ठाऊक नव्हता; त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसरे निवार्य अज्ञान: जे थोड्या श्रमाने दूर झाले असते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याहून पुढे जाऊन आणखी एक भेद दाखविला. माणूस कधी कधी अज्ञानाची इच्छाच धरतो. कळले तर वागणे बदलावे लागेल, म्हणून कळूच नये अशी खटपट करतो. असे अज्ञान दोष हलका करीत नाही, उलट वाढविते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात, सत्य व सत्कृत्य शोधण्याची फारशी पर्वा न करणाऱ्या माणसाचा सदसद्विवेक हळूहळू आंधळा होत जातो असे बजाविले आहे. गवंड्याने ओळंबा सोडण्यापूर्वी गुरुजी अज्ञानी होते आणि निर्दोष होते. ओळंबा सोडल्यावर मागितलेला गिलावा हे मात्र विकत घेतलेले अज्ञान ठरले असते.

कोणी म्हणेल, ही जुन्या मातीच्या घरांची कथा झाली. नवी सामग्री, नवे तंत्र यांना हे लागू नाही. तसे नाही. अमेरिकेत गेली साठ-पासष्ट वर्षे जुन्या लाकडी घरांवर व्हायनिलच्या पट्ट्या बाहेरून चढविण्याची रीत आहे. तेथील जाणते कारागीरही हेच सांगतात: आधी जुने लाकूड तपासा, कुजलेले काढा, पाणी बाहेर पडेल अशी वाट ठेवा आणि मगच पट्ट्या बसवा. १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असण्याची शक्यता असते, म्हणून तो खरवडताना मुलांच्या श्वासात धूळ जाऊ नये याचीही काळजी घ्यावी लागते. त्या पट्ट्यांचा खिळाही घट्ट ठोकावयाचा नसतो. उन्हात पट्टी वाढते आणि थंडीत आखडते, म्हणून तिला हलण्यापुरती सूतभर जागा ठेवतात. कमी श्रमाची म्हणून मिरविणारी ही वस्तूही आपल्या खालच्या भिंतीचा विचार करावयास लावते.

जेथे हा विचार झाला नाही, तेथे काय घडले हे जगाने लंडनमध्ये पाहिले. १९७४ साली पुरी झालेली ग्रेनफेल टॉवर ही २४ मजल्यांची इमारत २०१६ साली बाहेरून नव्या आवरणाने सजविण्यात आली. ऊब टिकावी आणि जुनी इमारत देखणी दिसावी, हे हेतू चांगलेच होते. पण त्या आवरणातील अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या मध्ये पेट घेणारे प्लॅस्टिक होते. १४ जून २०१७ च्या रात्री एका घरातील आग खिडकीतून बाहेर पडून आवरणाला लागली, काही मिनिटांत वरच्या मजल्यापर्यंत चढली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीच तक्रारी केल्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला, तेव्हा दोष एका माणसाचा निघाला नाही. माल विकणाऱ्यांची अप्रामाणिकता आणि आराखडा करणारे, बसविणारे, मान्यता देणारे यांची बेपर्वाई, असे ते सारे साखळीसारखे होते. पाहणे हे दुसऱ्याचे काम आहे असे ज्याने त्याने मानले होते.

ज्याला धोका पत्करावा लागतो, त्याला निवडीची संधी नसते, हीच या प्रश्नातील सर्वांत कठीण बाब आहे. गुरुजींच्या खोलीत उतरणारा यात्रेकरू पहाटे दर्शनाला जावयाचे म्हणून रात्री लवकर निजतो. रंगीत भिंत पाहून त्याचे समाधान होते. तिच्यामागे काय आहे हे त्याला कोण सांगणार? अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्राने आज्ञा केली आहे की, घर बांधशील तर छपराला कठडा बांध; नाहीतर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. ती घरेही आपल्या माळवदासारखी सपाट छपराची होती. पडणारा कोण आहे, कोणत्या जातीचा आहे, कोणत्या देवाच्या दर्शनाला निघाला आहे, हे ते नियमशास्त्र विचारीत नाही. तो तुझ्या छपराखाली आहे, एवढे त्याला पुरे आहे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गरिबाने काय करावे? भिंत उघडली तर मोडेल, मोडली तर उभी करण्यास पैसा कोठून आणावा? जे दुरुस्त करणे परवडत नाही, ते जाणून घेण्यात अर्थ तरी काय? १९९३ नंतर शासनाने जागतिक बँकेच्या साह्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. कोसळलेली गावे नव्या जागी उभी राहिलीच. त्याखेरीज १३ जिल्ह्यांतील लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीसाठी व मजबुतीसाठीही साहाय्य दिले गेले. पण अनेक कुटुंबांनी त्या रकमेत जुन्या भिंती बळकट करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली बांधली. दगडाच्या घराची भीती बसली होती, आणि मजबुती डोळ्यांना दिसत नाही, नवी खोली दिसते. त्यांना हसणे सोपे आहे. पण नवी खोली लहान पडली म्हणून घरातील म्हातारी माणसे जुन्याच माळवदाखाली निजत राहिली असतील, तर त्या पैशाने नेमके कोण सुरक्षित झाले?

आमचे उत्तर असे आहे की जाणणे आणि सर्व काही एकदम दुरुस्त करणे ही एकच गोष्ट नव्हे. भिंत सुटली आहे हे कळले, की त्याच रात्री विनाखर्च करता येईल असे एक काम असते: तिच्या कडेची खाट हलविणे आणि त्या खोलीत कोणाला न निजविणे. दुसरे काम श्रमाचे आहे, पैशाचे फारसे नाही: माळवदावरील जास्तीची माती उतरवून थर वीतभरावर आणणे आणि पाणी मुरू नये म्हणून त्यात प्लॅस्टिकचा कागद घालणे. तिसरे काम खांब व तुळया यांच्या सांध्यांना तिरप्या लाकडांचा आधार देणे. चौथ्यात गवंडी लागतो. छपराला टेकू देऊन, भिंतीत सुमारे हात-दोन हातांच्या अंतराने, एका वेळी एकच याप्रमाणे आरपार भोके काढावयाची, त्यांत वाकविलेली सळई घालून काँक्रीट भरावयाचे, म्हणजे सुटलेल्या दोन रांगा पुन्हा एकमेकींशी बांधल्या जातात. दारांच्या वरच्या पातळीला घरभर फिरणारा जाळी-सिमेंटचा पट्टा हा त्यापुढचा टप्पा. हे सारे झाल्यावर गिलावा करावा, आणि मातीच्या भिंतीवर तो शक्यतो चुन्याचा करावा. एका वर्षात एक टप्पा झाला तरी चालेल. गरिबी ही सबब टप्प्याटप्प्याने जाण्याची आहे, डोळे मिटण्याची नाही.

आणि येथेच इतरांचेही कर्तव्य सुरू होते. गवंड्याचे कर्तव्य तोंड उघडण्याचे आहे. त्या वृद्ध कारागिराने आपली मजुरी धोक्यात घालून ते केले. मुंबई-पुण्याला स्थायिक झालेल्या मुलांनी गावच्या घराला रंगासाठी पैसे पाठविताना भिंतीबद्दलही विचारावे. धर्मग्रामातील संघटना सणाच्या सजावटीसाठी वर्गणी गोळा करतात. एखाद्या विधवेच्या माळवदाची माती उतरविण्यास चार तरुण एका रविवारी गेले, तर त्या वर्गणीहून ते कमी मोलाचे होणार नाही. पापनिवेदनापूर्वी आपण सदसद्विवेकाचा शोध घेतो. क्षमा झाकत नाही, ती उघड्यावर आलेल्या जखमेला लागते, ही आपली श्रद्धा आहे. संत पौल कलस्सैकरांस लिहितात तेव्हाही जुना मनुष्य काढून टाकणे आधी येते आणि नवा धारण करणे नंतर. माणसाच्या बाबतीत जो क्रम आपण मान्य करतो, तो त्याच्या घराच्या बाबतीत उलटा का असावा?

माहूरच्या घराचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख संपवू. त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत. सकाळी त्यांनी गवंड्याला निरोप धाडला की गिलावा राहू दे, आधी हातभर भिंत उघड. वरचे चार दगड काढल्यावर आत मूठभर कोरडी माती आणि पोकळी निघाली. नवरात्रात त्या खोल्या यात्रेकरूंना दिल्या नाहीत. ते उत्पन्न बुडाले, आणि त्याची भरपाई कोणी केली नाही. माळवदाची माती उतरली, एका भिंतीत सळया पडल्या. दुसरी भिंत अद्याप तशीच आहे, तिच्याजवळ कोणी निजत नाही. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणल्याच गेल्या नाहीत. घर पूर्वीपेक्षा देखणे दिसत नाही. थोडे अधिक ओबडधोबडच दिसते. गुरुजींच्या पत्नी मात्र आम्हांला म्हणाल्या, "आता पाऊस लागला की ह्यांना झोप लागते."

वाचकहो, नाताळ जवळ आला की आपल्या घरोघरी चुना भिजेल, रंगाचे डबे उघडतील. अवश्य रंगवा. पण कुंचला हाती घेण्यापूर्वी एकदा भिंतीवरून हात फिरवावा, तिला ठोकून पाहावे, आणि ती काय सांगते ते ऐकावे.